गर्दी की घाला?

जपानमधील केडीडीआय या दूरसंचार कंपनीने 2 जुलै 2022 रोजी मध्यरात्रीनंतर एक राउटर बदलावयास घेतला. काम नित्याचे होते. परंतु मार्ग आखताना चूक झाली आणि सुमारे 15 मिनिटे संभाषणाची वाट तुंबली. ग्राहकांचे मोबाइल दर 50 मिनिटांनी आपला ठावठिकाणा कंपनीच्या जाळ्याला कळवीत असतात. तो निरोप पोचेना, तेव्हा असंख्य मोबाइल तोच निरोप पुनःपुन्हा धाडू लागले आणि त्या हाकाटीनेच केंद्रे गुदमरली. सुमारे 2 कोटी 28 लाख ग्राहकांचे बोलणे खुंटले. रुग्णवाहिकेसाठी 119 क्रमांक फिरविणाऱ्यांनाही उत्तर मिळेना. घडी पूर्ववत बसण्यास तीन दिवसांहून अधिक काळ लागला.

येथे शत्रू कोणीच नव्हता. मात्र शत्रूला नेमके हेच घडवून आणावयाचे असते. मोबाइलच्या जाळ्यात प्रत्यक्ष मजकुराखेरीज, त्याच्यासाठी वाट मोकळी करणाऱ्या निरोपांचीही सतत देवाणघेवाण चालते. तिला सिग्नलिंग म्हणतात. कचेरीत टपाल थोडेच आले, पण प्रत्येक चिठ्ठीसाठी नवी फाइल उघडून ती लगेच बंद करावयाची असा हुकूम निघाला, तर आवक-जावक कारकुनाचा दिवस त्यातच सरेल. हल्लेखोर हेच करतो. मोबाइल काही क्षण स्वस्थ राहिला की जाळे त्याची वाट काढून घेते; तेवढ्यात एक क्षुल्लक संदेश धाडला की ती पुन्हा द्यावी लागते. हजारो मोबाइलांबाबत हा खेळ चालला की केंद्र थकते, आणि मजकूर मोजणाऱ्या पहारेकऱ्याला मात्र काहीच वावगे दिसत नाही.

तिसऱ्या पिढीच्या जाळ्यांवरील असा हल्ला कसा ओळखावा, याचा मार्ग संशोधकांनी 2007 साली सुचविला. वाट सुटणे आणि ती पुन्हा मागितली जाणे यांतील अंतर मोजावे. ते नेहमीपेक्षा कमी भरले की ती तूट बेरजेस धरावी आणि बेरीज ठरावीक मर्यादा ओलांडताच इशारा द्यावा. ही बेरजेची युक्ती इंग्लंडमधील ई. एस. पेज यांनी 1954 साली मांडली होती, तीही कारखान्यातील मालाचा दर्जा तपासण्यासाठी!

युक्ती खरी, परंतु तिच्याने हेतू कळत नाही. जानेवारी 2012 मध्ये टोकियोत डोकोमो कंपनीच्या सुमारे 25 लाख ग्राहकांची सेवा विस्कळीत झाली, तीही स्मार्टफोनवरील अॅपच्या वाढत्या निरोपांचा भार केंद्राला न पेलल्याने. वारंवार दार ठोठावणारा मोबाइल लबाडाचा की निव्वळ बडबड्या अॅपचा, हे आकडा सांगत नाही. संशय येताच तो तोडावा, तर निरपराध ग्राहक ऐन गरजेच्या वेळी मुका होतो. थांबावे, तर सारे शहर मुके होण्याची भीती.

भारतात या पेचाला कायद्याचीही बाजू आहे. 2024 च्या दूरसंचार सायबर सुरक्षा नियमांनुसार सुरक्षेला बाधा आणणारी घटना कंपनीने कळल्यापासून 6 तासांत सरकारला कळवावयाची असते. पण ती घटना घाल्याची की गर्दीची, हे प्रथम ठरविणार कंपनीच, आणि गर्दी म्हणणे तिला अधिक सोयीचे. पुढे ती जनतेला सांगावयाची की नाही, हे सरकारच्या मर्जीवर. केडीडीआयच्या अध्यक्षांनी दुसऱ्याच दिवशी पत्रकारांपुढे बिघाडाची कारणे मांडली. नुकसानभरपाई पुढे अवघी 200 येन मिळाली, ती हास्यास्पदच. पण आपला फोन का बंद पडला, एवढे तरी तेथील ग्राहकाला कळले. येथील ग्राहकालाही ते कळावे, अशी तरतूद नियमांत करणे सरकारला अवघड नाही.