वासू सरांचे बोलणे

वासुदेव जगन्नाथ परांजपे यांच्या नावावर प्रथमश्रेणी क्रिकेटच्या २९ सामन्यांत ७८५ धावा आहेत. मुंबई आणि बडोदा या दोन संघांकडून ते खेळले. कसोटीची टोपी त्यांना मिळाली नाही. त्या काळी मुंबईच्या संघात जागा मिळणे हेच दिव्य होते. १९५८-५९ पासून सलग पंधरा वर्षे रणजी करंडक मुंबईकडेच होता. धावफलकापुरते पाहिले, तर वासू परांजपे हे एक आक्रमक फलंदाज, एवढीच नोंद उरते.

त्यांचे खरे काम माटुंग्याच्या दादर युनियन क्लबात झाले. माजी कसोटीपटू माधव मंत्रींची करडी शिस्त अंगी मुरलेल्या या क्लबाचे परांजपे कर्णधार होते आणि त्यांच्या संघात सुनील गावसकर नावाचा पोरगा आला. ‘सनी’ हे नाव त्याला परांजप्यांनीच दिले. क्लब क्रिकेटमध्ये तेव्हा वेगळा पगारी प्रशिक्षक नसे, कर्णधारच मास्तर. त्यात मुंबईतली क्लबांची कांगा लीग ऐन पावसाळ्यात. ओल्या खेळपट्टीवर चेंडू कधी अंगावर उसळतो, कधी पायाशी बसतो, आणि गुडघाभर गवतात जमिनीलगतचा फटका अडून राहतो. तिथे पुस्तकी तंत्रापेक्षा प्रसंग ओळखणे मोलाचे. हे ज्ञान तोंडी चाले; सामन्यानंतरच्या गप्पा हाच त्याचा वर्ग.

पुढे राष्ट्रीय पातळीवरच्या शिबिरांत आणि बंगळूरच्या राष्ट्रीय क्रिकेट अकादमीत शिकवतानाही परांजप्यांनी ही पद्धत सोडली नाही. कोपर किती वर, पाय किती पुढे, याची चिकित्सा ते फारशी करत नसत. समोरचा मुलगा काय करू शकतो हे ते आधी हेरत आणि ते त्याला पटवून देत. इंदूरच्या पंधरा वर्षांखालील शिबिरातला प्रसंग सचिन तेंडुलकरने सांगितला आहे. मुले रात्री टेनिसच्या चेंडूने खेळतात, अशी तक्रार घेऊन रखवालदार आला, तेव्हा मुले खेळणारच, तूही क्षेत्ररक्षणाला जा, असे सरांनी त्यालाच सुनावले. फलंदाजीबद्दल त्यांनी सचिनला दिलेला सल्लाही याच जातीचा होता: पहिली पंधरा मिनिटे तू प्रतिस्पर्ध्यांना पाहा, मग उरलेला दिवस ते तुला पाहतील. यात तंत्राचा एक शब्द नाही, पण डाव कसा बांधायचा ते सगळे आहे.

सचिनचे गुरू रमाकांत आचरेकर यांच्याशी तुलना अपरिहार्य ठरते. शिवाजी पार्कवर आचरेकर सर सामन्यांमागून सामने खेळायला लावत, स्वतः मोजके बोलत. परांजपे बोलून घडवत. दोघांपैकी श्रेष्ठ कोण हा वाद पारावरचा. मुंबईच्या क्रिकेटला दोघेही लागले. मात्र सरावाची पद्धत दुसऱ्याला उचलता येते. बोलणे माणसाबरोबर जाते, आणि इथे परांजप्यांचा वारसा नाजूक ठरतो.

३० ऑगस्ट २०२१ रोजी, वयाच्या ८२ व्या वर्षी, परांजपे गेले. त्याच्या आदल्याच वर्षी त्यांचे चिरंजीव, माजी भारतीय खेळाडू जतीन परांजपे आणि पत्रकार आनंद वासू यांचे ‘क्रिकेट द्रोण’ हे पुस्तक आले. त्यात खेळाडूंनी सांगितलेल्या आठवणींतून हे बोलणे काही प्रमाणात कागदावर उतरले. बाकीच्या जुन्या कर्णधारांच्या वाट्याला असे पुस्तक येईलच असे नाही. मुंबईतल्या क्लबांनी या मंडळींना, ती आहेत तोवर, बोलते करावे आणि ते ध्वनिमुद्रित करून ठेवावे.