मुलगी मानसशास्त्र घेते म्हणाली तर

बारावीचा निकाल लागला की पालक आमच्याकडे सल्ल्याला येतात. मुलगी मानसशास्त्र घेते म्हणाली, की शेजारच्यांचा प्रश्न ठरलेला: वेड्यांची डॉक्टरीण होणार का? तसे नव्हे. परीक्षेला घाबरलेल्या, घरच्या दारूपायी मुक्या झालेल्या, वसतिगृहात आडनाव विचारून एकट्या पाडलेल्या मुलाचे ऐकून घेणे, त्याला उभे करणे हे समुपदेशकाचे काम. आडनावाचा चटका ज्याने सोसला, त्याला ते फोड करून सांगावे लागत नाही.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेला प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा समाजकार्यकर्ता नेमायला सांगितले. त्या खुर्चीवर आपली मुले का नसावीत?

बी.ए.ला मानसशास्त्र, मग एम.ए. हा सरळ रस्ता. मुंबईत देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत समुपदेशन शिकवतात. नोकरी करणारा कुठल्याही शाखेचा पदवीधर २०२५ पर्यंत इग्नूतून मानसशास्त्राचे एम.ए. करू शकत असे. पुस्तके बहुतेक इंग्रजीत. पहिले वर्ष जड जाते, हे आम्ही लपवत नाही.

अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांना १९९० पासून केंद्राच्याही सवलती आहेत. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला निकालाआधीच काढून ठेवा.