‘हा ब्योमकेश नव्हे’ : एका माध्यमांतरावरील प्रतिक्रिया आणि ‘मूळ’ या संकल्पनेचा पेच

दिबाकर बॅनर्जी यांचा ‘डिटेक्टिव्ह ब्योमकेश बक्शी!’ हा हिंदी चित्रपट एप्रिल २०१५ मध्ये प्रदर्शित झाला, तेव्हा त्याविषयीच्या चर्चेत एक आक्षेप निरनिराळ्या शब्दांत पुनःपुन्हा व्यक्त झाला. त्याचा आशय एवढाच की, हा ब्योमकेश नव्हे. आक्षेप घेणाऱ्यांत बंगाली वाचक होते. परंतु बंगालबाहेरच्या, त्यातही मराठी भाषक प्रेक्षकांचा आक्षेप अधिक कुतूहलजनक होता. यांपैकी बहुतेकांनी शरदिंदू बंद्योपाध्याय यांची एकही कथा बंगालीतून वाचलेली नव्हती. त्यांच्या मनातला ‘खरा’ ब्योमकेश होता तो बासू चॅटर्जी यांच्या दूरदर्शन मालिकेतला, रजित कपूर यांच्या चेहऱ्याचा आणि आवाजाचा. म्हणजे ज्या कृतीला मूळ मानून चित्रपटाचे माप काढले गेले, ती स्वतःच एक रूपांतर होती. चित्रपटाने मालिकेवर आधारल्याचे कोठेही म्हटले नव्हते, तरी प्रेक्षकांनी त्याला मालिकेची पुनर्निर्मिती ठरवूनच पाहिले. साहित्याच्या अभ्यासकाने या घटनेकडे केवळ स्मरणरंजन म्हणून दुर्लक्ष करावे, अशी ती नाही.

प्रथम कालक्रम ध्यानात घेतलेला बरा. शरदिंदूंनी (१८९९-१९७०) ब्योमकेशच्या कथा १९३२ पासून लिहावयास आरंभ केला. गंमत अशी की, ज्या ‘सत्यान्वेषी’ या कथेत अजित आणि ब्योमकेश यांची पहिली भेट होते, ती लेखनक्रमाने पहिली नाही. आधी दोन कथा लिहून झाल्यावर नायकाचा परिचय करून देण्याची गरज लेखकाला भासली. पूर्ण झालेल्या कथा बत्तीस, एक अपुरी. सत्यजित राय यांनी १९६७ मध्ये उत्तमकुमार यांना घेऊन ‘चिडियाखाना’ केला. बासू चॅटर्जी यांची हिंदी मालिका १९९३ मध्ये आणि पुन्हा १९९७ मध्ये अशी दोन पर्वांत, एकूण चौतीस भागांत प्रक्षेपित झाली. पुढे बंगालीत अंजन दत्त, ऋतुपर्ण घोष, अरिंदम शील यांचे चित्रपट आले. २०१५ चा हिंदी चित्रपट या दीर्घ साखळीतला एक दुवा होय. त्याला ‘मूळ’ कोणते, याचे उत्तर ग्रंथसूचीत एक मिळते आणि प्रेक्षकाच्या मनात दुसरे.

हान्स रॉबर्ट याउस यांनी ‘अपेक्षांचे क्षितिज’ म्हणून जी संकल्पना मांडली, तिचा उपयोग येथे होतो. मात्र आपल्याकडे ती बहुधा नुसती उद्धृत होते, वापरली जात नाही. मराठी प्रेक्षकाचे हे क्षितिज घडले ते १९९३ साली. उपग्रह वाहिन्या नुकत्याच घरांत शिरत होत्या, पण मोठ्या प्रेक्षकवर्गासाठी दूरदर्शन हाच अजून एकमेव पडदा होता. ठरलेल्या वेळी सारे घर एकत्र बसून मालिका पाहत असे. वडीलधारे आणि शाळकरी मुले एकाच वेळी पाहतील अशी गुन्हेकथा करणे ही सोपी गोष्ट नव्हे. ‘रजनीगंधा’ आणि ‘छोटी सी बात’ या चित्रपटांतून मध्यमवर्गीय शहरी जीवनाचा मंद स्वर ज्यांनी हिंदी चित्रपटात आणला, त्या बासू चॅटर्जींनी तोच स्वर खुनाच्या कथेला लावला. आरडाओरड नाही, पाठलाग फारसा नाही. खोलीत दोन मित्र बसले आहेत, चहा आला आहे, कोणी अनोळखी मनुष्य दार ठोठावतो, आणि बोलण्यातून गुन्हा उलगडत जातो. रजित कपूर यांचा ब्योमकेश समोरच्याचे बोलणे ऐकून घेतो. ऐकणे हाच त्याच्या अभिनयाचा गाभा आहे. के. के. रैना यांचा अजित मूर्ख साहाय्यक वाटत नाही, लेखक वाटतो. सत्यवतीच्या भूमिकेत सुकन्या कुलकर्णी होत्या. मराठी घरांना ही मालिका परकी न वाटण्याचे तेही एक कारण मानता येईल, फार मोठे नव्हे. मालिकेची निर्मितिमूल्ये बेताची होती. तिच्यातले कलकत्ता बहुतांशी घरांच्या आतच राहिले. पण या मर्यादेचेच तिने शील बनवले, हे नाकारता येणार नाही.

या पार्श्वभूमीवर चित्रपटाने काय केले? त्याने काळ पुढे आणला : १९४२ चे अखेरचे दिवस, जपानी बॉम्बच्या छायेतले कलकत्ता. अजितच्या हरवलेल्या रसायनज्ञ वडिलांचा शोध हे कथासूत्र योजले. कथेतल्या अजितला वडिलांनी बँकेत ठेवलेल्या पैशांवर निश्चिंतपणे साहित्यसेवा करावयाची असते. चित्रपटातला अजित वडील गमावून बसलेला, चिडलेला तरुण आहे. सुशांतसिंह राजपूत यांचा ब्योमकेश अननुभवी आहे. तो चुकतो, फसतो, घाबरतो. मागे रॉक संगीत वाजते, शेवटाकडे रक्तपात होतो. आक्षेपांचे मुद्दे बहुतेक येथूनच निघाले. कथानक गुंतागुंतीचे झाले, गती मंद आहे, संगीत काळाशी विसंगत आहे, नायकाला वजन नाही. उलट बाजूने वातावरणनिर्मितीचे, नेपथ्याचे, नीरज काबी यांच्या डॉक्टर अनुकूल गुहांचे कौतुकही झाले. 

या साऱ्या चर्चेत एक प्रश्न मात्र कडेलाच राहिला, आणि रहस्यकथेच्या दृष्टीने तोच कळीचा आहे. रहस्य एकदा फुटल्यावर रहस्यकथा पुन्हा सांगता येते काय? ‘सत्यान्वेषी’ कथेत मेसचे मालक, सज्जन, लोकप्रिय होमिओपॅथ अनुकूलबाबू हेच कोकेनच्या चोरट्या व्यापाराचे सूत्रधार निघतात. मालिकेच्या पहिल्याच भागात लक्षावधी प्रेक्षकांनी हे पाहिले होते. चित्रपटाने डॉक्टरांचे नाव बदलले नाही, मेस बदलली नाही, आरंभी ब्योमकेशला मदत करणारा त्यांचा सौजन्यशील चेहराही बदलला नाही. तेव्हा मालिका पाहिलेल्या प्रेक्षकाला ‘अनुकूल’ हे नाव कानी पडताक्षणी गुन्हेगार सापडतो. ब्योमकेशला तो सापडावयास दोन तासांहून अधिक वेळ लागतो. प्रेक्षक नायकाच्या पुढे निघून गेला की रहस्यकथेतला नायक मंदबुद्धी वाटू लागतो. ‘या ब्योमकेशला वजन नाही’ या तक्रारीचे निदान अंशतः येथे शोधावे लागेल. तिचा दोष केवळ नटाच्या माथी मारणे अन्यायाचे आहे.

आपल्या परंपरेत कथा ठाऊक असणे हा आस्वादातला अडथळा कधीच नव्हता. कीर्तनातले आख्यान श्रोत्यांना तोंडपाठ असते. बुवा ते कसे लावतात हे ऐकायला लोक जमतात. दशावतारात संकासुराचा शेवट काय होणार, हे कोकणातल्या लहान पोरालाही ठाऊक असते. रहस्यकथा हा आधुनिक प्रकार मात्र वाचकाच्या अज्ञानावर उभा आहे, अशी समजूत आहे. मालिकेचा अनुभव ही समजूत खोटी ठरवतो. तिचे भाग लोकांनी गुन्हेगार ठाऊक असताना पुन्हा पाहिले आणि पुन्हा तेवढ्याच गोडीने पाहिले. म्हणजे गोडी ‘कोणी केले’ यात नव्हती. ती ब्योमकेश माणसे कशी वाचतो यात होती. ‘हा ब्योमकेश नव्हे’ असे म्हणणारा प्रेक्षक कथानक बदलल्याची तक्रार करीत नाही. त्याची तक्रार आहे ती पात्राच्या स्वभावाची आणि सांगण्याच्या स्वराची. त्याच्याजवळ परिभाषा नाही, परंतु त्याने बोट ठेवले आहे ते औचित्याच्या प्रश्नावर.

आणि औचित्याचा विचार आपल्याकडे मूळनिष्ठेच्या विचाराहून फार जुना व अधिक उदार आहे. परंपरेने आलेल्या कथेतला रसाला प्रतिकूल भाग कवीने बदलावा, अशी मोकळीक आनंदवर्धनाने दिलेलीच आहे. कुंतक त्याच्याही पुढे जातो. दुर्वासाचा शाप महाभारतात नाही, तो कालिदासाने योजला, ही कुंतकाला प्रकरणवक्रतेची शोभा वाटते. उगमग्रंथातला प्रधान रस टाकून संपूर्ण प्रबंध दुसऱ्या रसाने बांधणे ही तर त्याच्या मते प्रबंधवक्रतेची एक रीत होय; उदाहरणे तो ‘उत्तररामचरित’ आणि ‘वेणीसंहार’ यांची देतो. (शरदिंदूंच्या एका ब्योमकेश-कथेचे नावही ‘वेणीसंहार’च आहे, संस्कृत साहित्यात मुरलेल्या त्या लेखकाला हा योगायोग आवडला असता.) या निकषावर पाहिले तर काळ बदलला, संगीत बदलले, नायक कोवळा केला, हे आक्षेप टिकत नाहीत. कुंतक विचारील तो प्रश्न वेगळा : नवा रस शेवटपर्यंत निभावला काय?

येथे चित्रपट उणा पडतो. शरदिंदूंच्या जगात गुन्हा घरातून उगवतो. मृत्युपत्र, वारसा, हिरा, विमा, दडवलेला संबंध. मध्यमवर्गीय भद्रलोकाची प्रतिष्ठा आणि तिच्याखाली साचलेला लोभ. म्हणूनच त्याचा नायक स्वतःला गुप्तहेर म्हणवून घेत नाही. दारावरच्या पाटीवर तो ‘सत्यान्वेषी’ लिहितो, कारण त्याला शोधावयाचे असते ते माणसाच्या मनातले. चित्रपटाने गुन्ह्याला महायुद्ध, अफूचा आंतरराष्ट्रीय व्यापार आणि जपानी आक्रमणाचा कट यांच्याशी जोडले. बीज मूळ कथेतच होते. तिथेही अमली पदार्थांची टोळी आहे. पण गुन्हा एवढा मोठा झाला की गुन्हेगाराच्या मनात डोकावण्याजोगे काही उरत नाही, तेथे शक्तीशी शक्तीचा सामना सुरू होतो. पहिल्या भागातले कुतूहल आणि शेवटचे भयानक-बीभत्स यांच्यामध्ये जो सांधा हवा होता, तो नीट बसलेला नाही. एक मात्र मान्य केले पाहिजे. शहर हेच पात्र म्हणून उभे करण्यात चित्रपटाने मालिकेला फार मागे टाकले. ट्राम, गर्दी, परकी पाट्या, हवाई हल्ल्याच्या सावटाखालची माणसे, हे कलकत्ता मालिकेला परवडले नसते आणि कदाचित सुचलेही नसते.

मूळनिष्ठेच्या बाजूने बोलणाऱ्यांनी लेखकाचे स्वतःचे वर्तनही पाहावे. शरदिंदूंनी आपल्या नायकाला जपून काचेच्या कपाटात ठेवले नाही. त्याचे लग्न केले, त्याला मूल दिले, त्याच्याभोवतीचा काळ पुढे सरकवला. ‘आदिम रिपु’त दंगलींचे आणि स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरचे कलकत्ता आहे. अखेरच्या काही कथांत तर त्यांनी अजितकडून निवेदनच काढून घेतले. ब्योमकेश-कथांत मध्ये पंधराएक वर्षांचा खंड पडला, त्याचे कारण मराठी अभ्यासकांना जवळचे वाटावे असे आहे. १९३८ मध्ये शरदिंदू बॉम्बे टॉकीजसाठी पटकथा लिहावयास मुंबईस आले आणि १९५२ मध्ये पुण्यास स्थायिक झाले. खंडानंतरच्या बहुतेक कथा या पुण्याच्या वास्तव्यातल्या आहेत. म्हणजे उत्तरकालीन ब्योमकेश-कथांतले कलकत्ता हे दूर राहून, आठवणीतून आणि पटकथालेखनाच्या सरावानंतर उभे केलेले शहर आहे. ‘मूळ’ म्हणून ज्याचा दाखला द्यावयाचा, त्यातच पडद्याचा संस्कार मिसळलेला आहे. याच लेखकाने शिवकाळातल्या सदाशिव नावाच्या मुलाच्या कथाही बंगालीत लिहिल्या. आपल्याकडे त्यांचा उल्लेखही क्वचित होतो.

पदव्युत्तर वर्गांत माध्यमांतराचा अभ्यास आता रुळला आहे. ‘सिंहासन’, ‘बनगरवाडी’, ‘श्यामची आई’ यांवर प्रबंधिका लिहिल्या जातात. त्यांचा आराखडा बहुधा ठरलेला असतो : कादंबरीत काय आहे, चित्रपटात काय गाळले, काय वाढवले, आणि शेवटी दिग्दर्शक मूळ कृतीशी कितपत प्रामाणिक राहिला. साम्यभेदांची ही यादी नेटकी असते, पण ती प्रेक्षकाला वगळून केलेली असते. कोणत्या पिढीने कोणती कृती आधी अनुभवली, याची नोंद त्यात नसते. रहस्यकथेच्या बाबतीत तर अडचण दुहेरी आहे. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. धनंजय, झुंजार, काळा पहाड यांनी मराठी वाचकाला वाचनाची चटक लावली. परंतु समीक्षेने त्यांची दखल घेतली ती वाचनालयाच्या आकडेवारीसारखी. बंगालीत व्याकरण-छंद जाणणारा, ऐतिहासिक कादंबरी लिहिणारा प्रतिष्ठित लेखक गुप्तहेरकथा लिहितो आणि तिच्यावर राय चित्रपट करतात. मराठीत हा संगम का घडला नाही, हा प्रश्न ‘लोकप्रिय’ आणि ‘अभिजात’ या खणांत साहित्य वाटून देणाऱ्या अध्यापनाला अडचणीचा आहे. आधी रहस्यकथेला काव्यशास्त्राच्या कक्षेत घ्यावे लागेल. त्यानंतरच तिच्या माध्यमांतरावर बोलता येईल.

प्रतिक्रियांचा क्रमही स्थिर राहत नाही. २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने मालिका पुन्हा दाखवली. ज्यांनी पाच वर्षांपूर्वी चित्रपट प्रथम पाहिला होता, अशा तरुणांना मालिका ही नंतर आलेली, संथ, काहीशी नाटकी आवृत्ती वाटली असणे शक्य आहे. त्याच वर्षी जूनमध्ये दहा दिवसांच्या अंतराने बासू चॅटर्जी आणि सुशांतसिंह राजपूत या दोघांचेही निधन झाले. त्यानंतर चित्रपटाकडे पाहण्याची दृष्टी हळवी झाली. ज्या अननुभवीपणाला २०१५ मध्ये उणीव मानले गेले, त्याचे आता गुण म्हणून कौतुक होते. पडद्यावरची कृती तीच आहे. 

राहिला प्रश्न शीर्षकाचा. ज्या शब्दाचा ब्योमकेशला तिटकारा होता, तोच ‘डिटेक्टिव्ह’ हा शब्द चित्रपटाने त्याच्या नावाआधी लावला आणि नावापुढे उद्गारचिन्ह दिले. कथा वाचलेल्यांना हा घोर प्रमाद वाटला. तथापि चित्रपटातला तरुण अजून सत्यान्वेषी झालेला नाही, त्याच्या दारावर पाटी लागावयाची आहे, असा अर्थ घेतला तर ते शीर्षक उपरोधाने योग्यच ठरते. दिग्दर्शकाला हा अर्थ अभिप्रेत होता की नाही, यावर तो अवलंबून नाही. तो शीर्षक आणि कथा शेजारी ठेवून वाचणाऱ्याला मिळतो, आणि मालिकेपासून सुरुवात करणाऱ्याला बहुधा मिळत नाही.