दक्षिणेचा दावा

बहुजन समाजाने ब्राह्मण्याकडे पाठ का फिरवली, या प्रश्नाचे उत्तर आपण साहित्याच्या वर्गांत बहुधा विचारांच्या इतिहासातून देतो: मिशनऱ्यांची टीका, इंग्रजी शिक्षण, थॉमस पेन. हे खोटे नाही. पण त्यात जोशीबुवांचा हिशेब येत नाही.

१८८४ साली जुन्नर तालुक्यातील ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलांनी घरचे लग्न भटाविना लावले. ग्रामजोशांनी आपली दक्षिणा बुडाली म्हणून दावा लावला आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले. या दाव्याचा अर्थ नीट पाहावा. मंत्र कोणीही म्हणो, किंवा कोणीच न म्हणो, दक्षिणा मात्र जोशांची. कारण जोशीपण हे वतन होते. धर्म लग्नघरात शिरत होता तो वसुली म्हणून. अशा ठिकाणी श्रद्धा उडायला पेन वाचावा लागत नाही! मुंबई इलाख्यात हा हक्क कायद्याने रद्द व्हायला १९२६ साल उजाडले, तेही सी. के. बोले यांनी विधेयक आणले म्हणून.

फुल्यांनी १८८७ साली सत्यशोधकी पूजाविधी आणि मंगलाष्टके मराठीत छापली, ती केवळ दक्षिणा वाचवण्याची सोय नव्हती. त्या मंगलाष्टकांत वधूवर एकमेकांशी बोलतात. वधू स्त्रियांचे हक्क मागते, वर ते देण्याची शपथ घेतो. जे शब्द आपल्याला जन्मभर बांधणार, ते आपल्याला कळलेच पाहिजेत, ही मागणी सामाजिक आहे तितकीच वाङ्मयीनही आहे. आमच्या समीक्षेने मात्र त्यांना ‘प्रचारकी’ म्हणून बाजूला ठेवले.

तथापि पुरोहित नाकारणे म्हणजे ब्राह्मण्य नाकारणे नव्हे. १८९९ साली कोल्हापुरात उद्भवलेल्या वेदोक्त प्रकरणात मागणी होती ती क्षत्रियत्वाची; ती तत्काळ मान्य झाली असती, तरी उतरंड शाबूतच राहिली असती. शाहू महाराज त्या मागणीच्या पुष्कळ पुढे गेले. १९०२ साली त्यांनी संस्थानातील निम्म्या जागा मागासलेल्यांसाठी राखल्या. त्यांच्या मागून येणारे सगळेच तितके पुढे गेले नाहीत. १९३८ साली मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत आंबेडकरांनी ब्राह्मण्याची व्याख्या स्वातंत्र्य, समता व बंधुतेचा नकार अशी केली आणि ते ब्राह्मणांपुरतेच नाही, हेही बजावले.

या दुसऱ्या अर्धाविषयी आपण फारसे बोलत नाही. पणजोबांनी भटजींना दारातून परत पाठवले, असे अभिमानाने सांगणाऱ्या कित्येक घरांत स्थळांची यादी आजही पोटजातीपासूनच सुरू होते.