कोशातली भज्जी

'तूप' म्हणजे काय? तर 'घृत'. आणि 'घृत' म्हणजे? तर 'तूप'. लहान शब्दकोशांची रीत ही अशी. परीक्षेपुरते ते चालते, पण ज्याने तूप कधी पाहिलेच नाही, त्याच्या पदरात काय पडते?

आपल्या सीमाभागातील शब्दांचे हाल याहून वाईट. 'भज्जी' हाच शब्द घ्या. पुण्याकडचा वाचक तिला 'भजी' समजणार, आणि कोशकाराने तोच प्रतिशब्द दिला तर ही चूक छापून पक्की होणार. वस्तुतः भज्जी तळत नाहीत, शिजवतात. तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे ओले दाणे, पालेभाज्या आणि त्यांना डाळीचे पीठ. ती खायची मार्गशीर्षातल्या वेळा अमावास्येला, शेतात, कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा झाल्यावर, आंबिलीबरोबर. हे सगळे वगळून भज्जीचा अर्थ सांगता येईल असे मला वाटत नाही.

सणाच्या नावाचेही तेच. 'वेळा'मध्ये मराठी कानाला 'वेळ' ऐकू येते. कन्नडमध्ये या दिवसाला 'एळ्ळ अमावास्या' म्हणतात, आणि 'एळ्ळु' म्हणजे तीळ. १९५६ साली जुन्या बिदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले आणि आपण म्हैसूर राज्यात आलो. सण मात्र दोन्हीकडे राहिला. 'अमावास्येचा एक सण' एवढ्या नोंदीत यातले काय उरते?

मोल्सवर्थसाहेबाला आपल्या कितीतरी शब्दांना इंग्रजी प्रतिशब्द मिळेना, म्हणून वस्तूचे वर्णन करणे त्याला भागच पडले. त्यामुळे १८५७ च्या त्याच्या कोशात आपल्याच वस्तू आपल्याला नीट दिसतात, हा गमतीचाच प्रकार! पुढे दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'ने (१९३२-३८) प्रांतांच्या खुणा आणि वापराची उदाहरणेही दिली. ही वाट मळलेली आहे, ती सोडण्याचे कारण नाही.

अशाने कोश फुगेल, असा आक्षेप कोणी घेईल. पण 'पाणी' किंवा 'चालणे' यांची नोंद लांबवा असे माझे म्हणणे नाही. जिथे प्रतिशब्द फसवतो, तिथे चार ओळी जास्त खर्चाव्यात, इतकेच.

आपल्या अंकात मराठी आणि कन्नड विभाग शेजारी-शेजारी असतात. पुढच्या वर्षी त्यांतली दोन पाने आंबील, कोप, बिंदगी अशा शब्दांना द्यावीत. अर्थ ज्याने त्याने घरच्या आजीला विचारून आणावा, आणि कन्नड रूप कन्नड विभागाच्या मित्रांकडून तपासून घ्यावे.