घरचें आरोग्य : मोडलेलें कोपर आणि दोन बारीक तारा

आलापल्लीहून एका भगिनीचें पत्र आलें आहे. त्यांचे यजमान तेथें नोकरीस असतात. गेल्या पावसाळ्यांत त्यांचा सात वर्षांचा मुलगा पेरूच्या झाडावरून हातावर पडला आणि पाहतां पाहतां कोपर सुजलें. शेजारच्या खेड्यांतील एका हाडवैद्यानें हात ओढला, बांबूच्या कामट्या लावल्या व वर फडक्याचे घट्ट वेढे दिले. रात्रीं मूल किंचाळूं लागलें. बोटें थंड व निळसर पडलीं. हाड मोडलें म्हणजे दुखणारच, असें म्हणून घरच्यांनीं त्याची समजूत घातली. पहांटे चंद्रपुरास निघतांना ओळखीच्या एका परिचारिकेनें तें बांधणें पाहिलें आणि कात्रीनें एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कापून काढलें. शंभराहून अधिक किलोमीटरांच्या त्या प्रवासांत बोटांना हळूहळू रंग आला. पुढें शस्त्रक्रिया झाली, ती मात्र बाईंच्या कल्पनेपेक्षां अगदींच निराळी. "कोठें चिरलेलें नाहीं, टांका नाहीं, कोपराबाहेर दोन तारांचीं वांकवलेलीं टोकें तेवढीं दिसतात. ही खरी शस्त्रक्रिया समजावी कीं तात्पुरती मलमपट्टी? अशानें हाड जुळेल का?" असें त्या विचारतात. पत्राच्या शेवटीं सासूबाईंच्या मनगटाविषयींहि एक प्रश्न आहे. त्याकडे मागाहून वळूं.

कोपराच्या किंचित् वर दंडाचें हाड पुढून व मागून खोलगट असून मध्यें अगदीं पातळ असतें. पांच ते सात वर्षांचें मूल पसरलेल्या हातावर पडलें कीं तें बहुधा तेथेंच मोडतें. त्याच्या अगदीं पुढून हाताला रक्त पुरवणारी मुख्य धमनी व बोटांकडे जाणारे मज्जातंतु जातात, आणि सरकलेल्या हाडाचें टोक त्यांना दाबूं शकतें. त्यांत सूज, आणि सुजेवर घट्ट बांधणें! स्नायूंचा रक्तपुरवठा कांहीं तास, साधारणपणें सहा तासांच्या आसपास, तुटून राहिला कीं ते मरूं लागतात. पुढें त्यांच्या जागीं चिवट तंतूंचा गोळा उरतो, तो आखडतो, आणि बोटें पंज्यासारखीं वांकडीं होऊन राहतात. मग कितीहि कुशल शल्यवैद्य मिळाला तरी हात पूर्ववत् होत नाहीं. रिचर्ड फोन फोल्कमान या जर्मन शल्यवैद्यानें १८८१ सालीं या विकृतीचें वर्णन केलें व घट्ट बांधण्याकडे बोट दाखवलें. (हाच गृहस्थ लेअँडर या टोपणनांवानें परीकथा लिहीत असे, पॅरिसच्या वेढ्याच्या वेळीं सैन्याबरोबर असतांना त्यानें त्या लिहिल्या.) म्हणून त्या परिचारिकेची कात्री ही या सर्व हकीकतींतील पहिली, आणि आमच्या मतें सर्वांत मोठी, शस्त्रक्रिया होय.

हाडवैद्यांना सरसकट दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. मोडलेल्या अवयवास आधार देण्यासाठीं सुश्रुतानें ज्या झाडांच्या साली व पट्ट्या सांगितल्या आहेत त्यांत मोह, उंबर, पिंपळ, पळस, अर्जुन, बांबू, वड हीं सर्व आहेत, आणि चांदा-गडचिरोलीच्या रानांत तीं पावलोपावलीं सांपडतात. पण त्याच प्रकरणांत, सैल बांधलें तर सांधा स्थिर राहत नाहीं व फार घट्ट बांधलें तर सूज, वेदना व पू होतो, म्हणून मध्यम बांधावें, असेंहि सांगितलें आहे. साली आणि कामट्या लोकांनीं लक्षांत ठेवल्या. पुढचें वाक्य मात्र विसरले.

आतां तारांविषयीं. १८९५ सालीं राँटगेननें क्ष-किरण शोधून काढले आणि कातडीच्या आंत मोडलेलें हाड डोळ्यांना दिसूं लागलें. १९०९ सालीं मार्टिन किर्शनर या जर्मन शल्यवैद्यानें पोलादाची बारीक तार अस्थिभंगाच्या उपचारांत आणली. आजहि ती त्याच्याच नांवानें ओळखली जाते. १९५५ च्या सुमारास अर्धचंद्राकृति कमानीचें क्ष-किरण यंत्र निघालें. कमानीच्या एका टोकाला किरणांची नळी, दुसऱ्या टोकाला प्रतिमा घेणारा भाग, आणि मध्यें रोग्याचा हात. इंग्रजी 'सी' अक्षरासारखा आकार म्हणून त्याला सी-आर्म म्हणतात. मुलाला भूल देऊन, हात हळूहळू ओढून, कोपर दुमडून शल्यवैद्य हाड बाहेरूनच जागेवर बसवतो व पडद्यावर खात्री करून घेतो. मग कातडीवर केवळ टोंचल्यासारखें छिद्र पाडून, दीड-दोन मिलिमीटर जाडीच्या दोन किंवा तीन तारा हाडाच्या दोन्ही तुकड्यांतून तिरप्या घालतो. त्या बहुधा कोपराच्या बाहेरच्या बाजूनें घालतात, कारण आंतल्या बाजूस हाडाला चिकटूनच एक मज्जातंतु जातो. टोकें वांकवून बाहेर ठेवतात व अर्धें प्लॅस्टर बांधतात. तीन-चार आठवड्यांत हाड धरलें कीं तारा ओढून काढतात.

तेव्हां बाईंच्या प्रश्नाचें उत्तर असें कीं, ही पुरी शस्त्रक्रिया आहे व हाड तिनें उत्तम जुळतें. हाड उघडें न केल्यामुळें त्याचा रक्तपुरवठा आणि भोंवतालचें गोठलेलें रक्त, ज्यापासून नवें हाड बनूं लागतें, जागच्या जागीं राहतें. जखम लहान म्हणून पू होण्याचा धोका कमी. इस्पितळांत राहणेंहि एक-दोन दिवसांचें. मात्र छिद्र लहान असलें तरी त्यामागचा सरंजाम मोठा असतो. यंत्र हवें, अखंड वीज हवी, मुलांना भूल देणारा वैद्य हवा. हेमलकशास १९७३ सालीं लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला तेव्हां डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांच्याजवळ यांतलें कांहींच नव्हतें. गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा १९८२ सालीं झाला. १९८६ पासून डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांची 'सर्च' संस्था तेथें काम करीत आहे व बाहेरगांवचे शल्यवैद्य तिच्या रुग्णालयांत शिबिरें घेतात. सरकारी वैद्यकीय महाविद्यालय चंद्रपुरास २०१५ सालीं व गडचिरोलीस २०२४ सालीं आलें. एवढें झालें तरी पर्लकोटेला पूर आला कीं भामरागडच्या वाटेवर मोडलेलें कोपर पाण्याकडे पाहत बसतें, असे पावसाळे थोडे गेलेले नाहींत. बाहेर राहिलेल्या तारेच्या बुडाशीं पाणी व मळ जाऊं न देणें आणि ठरल्या दिवशीं ती काढून घेणें हा उपचाराचाच भाग आहे. म्हणून अशा रुग्णाला तेवढे दिवस पक्क्या रस्त्यावरच्या गांवीं नातलगांकडे ठेवणें शहाणपणाचें.

घरीं काय करावें? मोडलेला हात ज्या स्थितींत आहे त्याच स्थितींत पुठ्ठ्याचा किंवा घडी केलेल्या वर्तमानपत्राचा आधार देऊन सैल बांधावा व झोळींत घ्यावा. अंगठी, कडें, बांगड्या ताबडतोब काढाव्या. सूज चढल्यावर त्या करवतीनें कापाव्या लागतात. भूल द्यावी लागण्याचा संभव असल्यामुळें वाटेंत खाऊं-पिऊं घालूं नये. वेदना वाढतच जाणें, आणि आपण बोटें हलकेच सरळ करूं लागतांच मुलानें ओरडणें, ही धोक्याची सर्वांत आधींची खूण. बोटें फिकीं किंवा निळीं पडणें, मुंग्या येणें, बोटें न हलणें हें मागाहून होतें. त्याची वाट पाहूं नये. मनगटाची नाडी लागते म्हणूनहि निश्चिंत राहूं नये. बांधणें आधीं सोडावें, मग प्रवासाचें पाहावें. आणि प्लॅस्टर निघाल्यावर आजीबाईंनीं कोपराला तेल चोळून तें ओढूं-ताणूं नये, ही आमची कळकळीची विनंति. अशा चोळण्यानें सांध्याभोंवतीं स्नायूंत नवें हाड तयार होऊन कोपर कायमचें आखडूं शकतें. मूल आपण होऊन हलवील तेवढें पुरे.

बोटांची गोष्ट थोडी निराळी. दारांत सांपडलेलें, चेंडूनें दुखावलेलें किंवा मळणीयंत्रांत गेलेलें बोट 'मुरगळलें असेल' म्हणून आठवडाभर हळदीखालीं राहतें. मूठ हळूच मिटावयास सांगावें. चारहि बोटांचीं टोकें अंगठ्याच्या बुडाच्या रोखानें वळलीं पाहिजेत. एखादें बोट शेजारच्यावर चढत असेल तर हाड पिळलें आहे असें समजावें. असें पिळलेलें हाड आपोआप सरळ होत नाहीं. येथेंहि एक मिलिमीटरच्या आसपासच्या तारा कातडींतून घालतां येतात. कानडांतील शल्यवैद्य डोनाल्ड लालोंड यांनीं रूढ केलेल्या पद्धतींत पूर्ण भूल न देतां, बधिर करणाऱ्या औषधांत ॲड्रिनलीन मिसळून तें हातांतच टोंचतात. बोटांत ॲड्रिनलीन घालूं नये असें पूर्वीं शिकवीत. तें भय निराधार ठरलें. रोगी जागा असल्यामुळें तेथल्या तेथें त्याला मूठ मिटावयास लावून बोट सरळ वळतें कीं नाहीं हें पाहतां येतें. भूलतज्ज्ञांचा तुटवडा असलेल्या या जिल्ह्यांना ही रीत फार सोयीची आहे.

आतां सासूबाई. त्या न्हाणीघरांत घसरल्या आणि मनगट मोडलें. प्लॅस्टर झालें आहे, पण 'नातवाला तारा घातल्या, मग मला कां नाहींत?' असें त्या रोज विचारतात. हा अस्थिभंग आयर्लंडांतील अब्राहम कोलिस यांनीं १८१४ सालीं, म्हणजे क्ष-किरणांच्या कितीतरी आधीं, वर्णिला. इंग्लंडांत ४६१ रुग्णांवर केलेल्या तुलनेंत, जी २०१४ सालीं प्रसिद्ध झाली, मोठा चिरा घेऊन पट्टी बसवलेले व नुसत्या तारा घातलेले लोक वर्षाअखेर सारखेच बरे आढळले. २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या ५०० रुग्णांच्या दुसऱ्या तुलनेंत तर, हाड बाहेरून बसवल्यावर तारा घातलेले आणि नुसतें प्लॅस्टर केलेले यांच्या हातांत वर्षभरानें फरक दिसला नाहीं. प्लॅस्टरमध्यें हाड सरकलेल्या कांहींजणांना मात्र पुढें शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. तेव्हां सासूबाईंना सांगावें कीं, डॉक्टर सांगतील तेव्हां क्ष-किरण चित्र पुन्हा काढून घ्यावें. हाड जागेवर असेल तर तारांची गरज नाहीं. बोटें व खांदा पहिल्या दिवसापासून हलवावींत, आणि नुसत्या घसरण्यानें हाड मोडलें त्या अर्थीं हाडांच्या ठिसूळपणाचीहि तपासणी करून घ्यावी.

हें लिहून होईपर्यंत बाईंचें दुसरें कार्ड आलें. चौथ्या आठवड्यांत तारा काढल्या, मुलगा एक क्षण ओरडला, आणि त्या तारा त्यानें मागून घेऊन कंपासपेटींत ठेवल्या आहेत. कोपर अजून पुरतें सरळ होत नाहीं, म्हणून त्या काळजींत आहेत. त्यांनीं काळजी करूं नये. या वयांत त्याला कांहीं महिने लागतात.