धुलाईचे पैसे

"उलीसा टाका मारून द्या की मिस्त्री, दुपारी पाळी घालायचीय."

गेल्या मे महिन्यात इस्लापूरला एका पत्र्याच्या शेडखाली चहा घेत बसलो होतो, तेव्हा हे वाक्य कानावर पडले. समोर एक जुना छोटा ट्रॅक्टर उभा होता. त्याच्या टाकीच्या बुडाला, पट्ट्याखालच्या शिवणीतून डिझेल पाझरत होते. मिस्त्रींनी डिझेल कॅनमध्ये काढले, टाकी उपडी करून दोनदा झटकली आणि वेल्डिंगची केबल ओढली. माझ्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनीच उत्तर दिले, "डिझेल आहे साहेब, पेट्रोल थोडंच आहे." मी टाकी आधी पाण्याने भरायला सांगितली. माझ्या पिकल्या केसांचा मान ठेवून त्यांनी ती भरलीही, पण पटले म्हणून नव्हे.

हे संपादकीय त्या न पटण्याबद्दल आहे.

आपल्याकडच्या डिझेलचा ज्वलनांक मानकाप्रमाणे किमान ३५ अंश सेल्सिअस असावा लागतो. म्हणजे ३५ अंशांच्या पुढे त्यावर पेट घेण्याजोगी वाफ असू शकते. किनवट-हिमायतनगरच्या पट्ट्यात मे महिन्यात सावलीतच पारा चाळिशी ओलांडतो, आणि उन्हात उभ्या ट्रॅक्टरचा पत्रा तर हात लावू देत नाही. पेट्रोलची वाफ शून्याच्या कितीतरी खालीही पेटते, म्हणून आपण त्याला भितो. डिझेल थंडीत सुस्त असते, म्हणून त्याला गरीब समजतो. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ते गरीब नसते. त्यात वेल्डिंगची ज्योत लागली की शिवणीत, गंजाच्या पापुद्र्यांत मुरलेले डिझेल उकळून वर येते. टाकी हुंगून "वास येत नाही" म्हणणाऱ्याला ते डिझेल दिसत नाही आणि वासातही सापडत नाही. हवेत अर्धा-एक टक्का वाफ मिसळली तरी भडक्याला पुरते. भरलेल्या टाकीत वाफेला जागा थोडी असते. धोक्याची असते ती रिकामी टाकी. आपण नेमकी तीच हातात घेतो.

दुसरा समज याहून वाईट, कारण त्याला शास्त्राचा वास येतो. चालू ट्रॅक्टरच्या सायलेन्सरला नळी लावून धूर टाकीत सोडायचा, म्हणजे आतली हवा निघून जाते आणि मग बिनधास्त वेल्डिंग करायचे. हा उपाय पेट्रोल इंजिनाच्या जमान्यातून आलेला दिसतो. पेट्रोल इंजिनाच्या धुरात ऑक्सिजन फारच थोडा उरतो. डिझेल इंजिन मात्र हवा भरपूर ओढते आणि मोकळ्या चालीवर त्यातली थोडीच वापरते. त्या धुरात १५ टक्क्यांहून जास्त ऑक्सिजन शिल्लक असतो. जाळ विझायला ऑक्सिजन साधारण ११-१२ टक्क्यांखाली जावा लागतो. म्हणजे आपण टाकीत गरम हवा भरतो आणि निर्धास्त होतो. हा प्रकार आजच बंद करा.

खरे तर वेल्डिंगपर्यंत जायची गरजच किती वेळा असते? 'टाकी गळते' म्हणून आलेल्या कितीतरी ट्रॅक्टरांची टाकी गळत नसते. कॉकचे पॅकिंग गेलेले असते, फिल्टरच्या वाटीचा गॅस्केट चिरलेला असतो, रिटर्न पाइपच्या बोल्टखालचे तांब्याचे वायसर दहादा वापरून कडक झालेले असते. (ते वायसर टाकीपासून लांब नेऊन लालबुंद तापवा आणि पाण्यात टाका, पुन्हा नरम होते. नवीन मिळत असेल तर तेवढाही खटाटोप नको.) जुन्या मॉडेलांत टाकी बहुधा बॉनेटखाली, इंजिनाच्या माथ्यावर. थेंब वरून निघतो, पत्र्याच्या कडेने वाट काढतो आणि हातभर अंतरावर खाली पडतो. म्हणून आधी टाकी कोरडी पुसा, खडू फासा, पाच मिनिटे थांबा. ओली रेघ कुठून सुरू होते ते पाहा, कुठे संपते ते नाही.

भोक टाकीलाच असेल तर बहुतेक वेळा ते आतून गंजलेले असते. टाकीचे झाकण हरवते, तिथे पॉलिथीन आणि फडके येते. झाकणाचे हवेचे छिद्र त्या पॉलिथीनने बुजते, पावसाचे पाणी मात्र आत शिरते. पाणी डिझेलपेक्षा जड असल्यामुळे ते बुडाशी बसते आणि तिथलाच पत्रा खाते. अशा पत्र्यावर रॉड टेकवला की सुईएवढे भोक चवलीएवढे होते, हे तुम्हाला मी सांगायला नको. तिथे रेडिएटरवाल्याची कला कामाला येते: पत्रा घासून पांढरा करा, जस्त मारलेले तेजाब लावा, पत्र्याचा तुकडा ठेवा आणि तापवलेल्या तांब्याच्या हत्याराने डाग द्या. डाग दोनशे अंशांच्या आतबाहेर वितळतो, त्यामुळे उघड्या ज्योतीला टाकीजवळ यायचे कारण उरत नाही. धुलाई मात्र डागालाही चुकत नाही. बारीक पाझर असेल तर एम-सील पुरते, पण टाकी रिकामी, पत्रा घासलेला, थिनरने पुसलेला आणि पूर्ण कोरडा हवा. ओल्यावर चोपडलेले एम-सील आठवडाभरात पापुद्र्यासारखे निघते आणि दोष एम-सीलला लागतो. वाटेत साबणाची वडी घासून घर गाठणे ठीक. तिला दुरुस्ती म्हणू नका.

आणि वेल्डिंगशिवाय गत्यंतरच नसेल, तर फ्लोट, कॉक, जाळी सगळे काढा. उकळते पाणी आणि धुण्याचा सोडा घाला, आत साखळीचा तुकडा टाकून टाकी घुसळा, पाणी ओता. पाण्यावर तेलाची तकाकी दिसेनाशी होईपर्यंत हे पुन्हा पुन्हा करा. शेवटी भोक वरच्या बाजूला येईल अशी टाकी ठेवून भोकाच्या जरा खालपर्यंत पाणी भरा, वरच्या बाजूला येणारे एक तोंड उघडे ठेवा आणि मगच गॅस पेटवा. अंग टाकीच्या तोंडासमोर नको.

यात सहज दोन तास जातात. हे आपल्यातल्या कुणाला ठाऊक नाही असे नाही. इस्लापूरच्या मिस्त्रींनी मला निघताना जे सांगितले, त्यावर माझ्याकडे तिथे उत्तर नव्हते: "धुवायला दोन तास, टाक्याला पाच मिनिटं. गिऱ्हाईक पैसे टाक्याचे देतं." पाळीची घाई असलेला शेतकरी शेजारी उभा असतो, शेजारचा दुकानदार न धुता करून देतो, आणि नवी टाकी मागवायची तर नांदेडहून येईपर्यंत वाफसा निघून जातो. शेतकऱ्याचेही चुकत नाही. त्याला बिलावर जे दिसत नाही त्याचे पैसे तो का देईल?

म्हणून मिस्त्रीहो, एक विनंती. या महिन्यापासून टाकीच्या प्रत्येक कामाच्या बिलावर 'टाकी धुलाई' ही ओळ वेगळी लिहा, तिचा दर दुकानाच्या फळीवर खडूने लिहून लावा, आणि गावातले दोन-तीन दुकानदार मिळून तो एकच ठेवा. तुम्ही ठरवलेला दर आम्हाला पोस्टकार्डावर कळवा. पुढच्या अंकात गावांच्या नावांसह छापू.